कोऱ्या फॉर्ममधलं माझं वाक्य

मी माफीनामा लिहिला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या भागात गोष्ट अशी फिरली आहे की मी रडत रडत सही केली आणि कारखान्याच्या गेटबाहेर पडले. रडले होते, ते खरं आहे. पण ते बसमध्ये, आणि रागाने. सही मात्र केली नाही.

तेव्हा मी कोपरगावच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात कंत्राटी प्रोग्रामर होते. नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरहून रोज दोन बस बदलून जायचे. कारखान्यात संगणकाच्या खात्याला अजूनही ईडीपी म्हणतात. आमच्या ईडीपीत साहेब होते, मी होते, आणि आम्हा दोघांपेक्षा जास्त नोकरी झालेला एक प्रिंटर होता. साहेब माणूस वाईट नव्हते. फक्त चालू असलेल्या कुठल्याही गोष्टीला हात लावायचा नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं आणि त्यावरच ते प्रमुख झाले होते.

आमचं मुख्य काम म्हणजे ऊस नोंदणीचं पोर्टल. कुणाचा ऊस आधी तोडायचा आणि कुणाचा नंतर, हे लागणीच्या तारखेवरून ठरतं. ऐकायला साधं वाटतं. पण ज्याचा ऊस लवकर तुटतो त्याचं रान गव्हाला मोकळं होतं. ज्याचा उन्हं तापेपर्यंत उभा राहतो त्याला तुरे येतात, वजन घटतं, आणि तो माणूस रोज गट ऑफिसात, म्हणजे आसपासच्या गावांसाठी असलेल्या कारखान्याच्या कचेरीत, येऊन बाकावर बसतो. या क्रमावरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. तो क्रम शेवटी मंजूर करतात शेतकी अधिकारी, पोर्टलवर एक बटण दाबून.

नोंदी येतात त्या अकरा गटांतून, एक्सेलच्या शीटमध्ये. बांधावर जाऊन नोंद घेणाऱ्या कारखान्याच्या माणसाला चिटबॉय म्हणतात. माझ्या ओळखीचे एक चिटबॉय पंचावन्न वर्षांचे होते, डोक्यावर एक काळा केस नव्हता. एका बोटाने टाइप करायचे, पण आकडा कधी चुकायचा नाही. मला ताई म्हणायचे.

आता त्या शीटची गंमत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं. अकराही गटांत नवी फाईल कधी कुणी बनवलीच नव्हती. मी लागण्याच्या कितीतरी आधीपासून एकच कोरा फॉर्म फिरत होता. दर सप्टेंबरात तो माझ्याकडून साहेबांकडे जाई. साहेब वरच्या ओळीत हंगामाचं वर्ष बदलत, फाईल सेव्ह करत आणि गटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकत. गटवाले तीच उघडून गावागणिक कॉप्या काढत. तिसरा रकाना पिवळा होता. का पिवळा, हे कारखान्यात कुणालाच माहीत नव्हतं. मी एकदा तो पांढरा करून पाठवला, तर दोन गटांतून फोन आले की फॉर्म खराब झालाय. मी मुकाट्याने परत पिवळा केला.

या शीट वाचायला आमच्या पोर्टलमध्ये एक लायब्ररी बसवली होती. म्हणजे जगात कुणीतरी कष्टाने लिहून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलेलं तयार कोड. ते उचलायचं, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं, आणि मग बहुतेक लोक करतात तेच करायचं: विसरून जायचं. एका दुपारी मी सहज त्या लायब्ररीच्या पानावर गेले. बनवणाऱ्यांनीच तिथे सूचना लावली होती की जुन्या आवृत्तीत एक भोक सापडलं आहे, नवी आवृत्ती घ्या. आमची आवृत्ती त्यांनी जुनी म्हटलेल्याहूनही जुनी होती.

भोक असं होतं. एक्सेलच्या फाईलला रकान्यांशिवाय एक आतला कोपरा असतो. फाईलच्या माहितीत गेलं की तिथे शीर्षक, कोणी बनवली, शेवटचा बदल कोणी केला, टिप्पणी, अशा ओळी दिसतात. तिकडे कुणी फिरकत नाही. पोर्टलवर शीट बघायला उघडली की लायब्ररी तिचं वेबपान बनवायची, ज्यावरून पुढे मंजूर यादीही छापली जाई, आणि टिप्पणीतला मजकूर पानाच्या माथ्यावर जशाचा तसा ठेवायची. जशाचा तसा, इथेच घोळ होता. तिथे मजकुराऐवजी कुणी आज्ञा लिहिली, तर ब्राउझर ती मुकाट पाळणार. आणि ब्राउझर कुणाचा? शीट तपासायला बसलेल्या शेतकी अधिकाऱ्यांचा. ते बिचारे नुसते आकडे वाचत बसतील, आणि त्यांच्याच लॉगिनमधून, त्यांच्याच नावाने, कुणाचा तरी ऊस वर चढेल आणि कुणाचा तरी खाली जाईल. त्यांना पत्ताही लागणार नाही.

मी साहेबांकडे गेले.

"पोर्टल चालतंय ना?" त्यांनी विचारलं.

"चालतंय."

"मग चालतंय त्याला हात लावू नका, मॅडम. हंगाम तोंडावर आलाय. अर्धा दिवस पोर्टल बंद ठेवलं तर शेतकीवाले माझ्या टेबलावर येऊन बसतील."

मी दोन मेल लिहिल्या. उत्तर नाही. तिसऱ्यांदा तोंडी विषय काढला तेव्हा ते हसले. "आपल्याकडे हॅकर कुठून येणार? इथे वायरमन वेळेवर येत नाही."

मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी जेवणाचा डबा तसाच घरी नेला. हॅकर परगावाहून यावा लागतो हे त्यांना कुणी सांगितलं होतं? ज्याचा ऊस मागे पडलाय आणि ज्याचा पुतण्या पुण्याला इंजिनिअर आहे, असा एक माणूस पुरे होता. तसे तर प्रत्येक गावात चार होते.

मग मी ठरवलं, सांगून कळत नसेल तर दाखवायचं. ही सवय घरची आहे. बेलापुरात अब्बांचं फवारणी पंप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पंप दुरुस्तीला आला की ते आधी गिऱ्हाइकासमोर त्यात पाणी भरतात आणि कुठून गळतंय ते बोट ठेवून दाखवतात. मगच स्क्रू खोलतात. मी तेच केलं. कोऱ्या फॉर्मची एक कॉपी घेतली, कारण पोर्टल दुसऱ्या कुठल्या नावाची आणि रकान्यांची फाईल घेतच नसे. तिच्या टिप्पणीत एक निरुपद्रवी आज्ञा लिहिली: स्क्रीनवर एक चौकट दाखव, आणि चौकटीत हे वाक्य. "मी फक्त ही चौकट दाखवते आहे. तोडणीचा क्रमही बदलता आला असता."

माझ्या संगणकावरच्या चाचणीच्या पोर्टलवर चौकट टुणकन वर आली. मी फाईल साहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि खाली सात ओळींचा मेसेज लिहिला: ही फक्त तुमच्यासाठी आहे, चाचणीच्या पोर्टलवर उघडा, भोक म्हणजे काय ते दिसेल.

साहेब मेसेज वाचत नसत. फाईल उघडत. आणि महिना होता सप्टेंबर. सप्टेंबरात माझ्याकडून आलेला कोरा फॉर्म म्हणजे नव्या हंगामाचा फॉर्म, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. त्यांनी वरच्या ओळीत वर्ष बदललं, सेव्ह केलं आणि अकरा गटांच्या ग्रुपवर टाकलं. त्या ग्रुपवर कंत्राटी माणसांना घेतलेलं नव्हतं, म्हणून मला कळलंही नाही. रकान्यांत काही दिसत नव्हतं, पिवळा रकाना जागच्या जागी होता, म्हणून गटांतूनही फोन आला नाही.

चूक माझीही होती. सप्टेंबरात, त्याच नावाची फाईल, त्याच माणसाला. त्यांच्या टेबलाशी उभी राहून उघडून दाखवली असती तर हे झालंच नसतं. हे मी तेव्हाही कबूल केलं आणि आजही करते. पण चूक वेगळी आणि गुन्हा वेगळा. तो फरक मिटवायला निघालेल्या माणसांशी मी भांडले, आणि परत भांडेन.

हंगामाआधीची बैठक होती. मोठा हॉल, संचालक, चेअरमन, कार्यकारी संचालक ज्यांना सगळे एमडी म्हणत, शेतकी अधिकारी, आणि भिंतीवर प्रोजेक्टर. लॅपटॉप चालवायला मी. शेतकी अधिकाऱ्यांनी स्वतःचं लॉगिन केलं आणि पहिल्या गटाची शीट उघडायला सांगितलं. मी उघडली.

भिंतीवर, जेवणाच्या टेबलाएवढ्या अक्षरांत, माझं वाक्य आलं.

मी चौकट बंद केली. दुसऱ्या गटाची शीट उघडली. परत तेच. तिसरी. तेच.

"हे कोण बोलतंय?" चेअरमननी विचारलं.

"साहेब, व्हायरस असणार," आमचे साहेब पटकन म्हणाले.

मला गप्प बसता आलं असतं. व्हायरस म्हटलं की सगळे मान डोलावतात, विषय संपतो. पण ते वाक्य माझं होतं आणि त्याला कुणी व्हायरस म्हणावं हे मला सोसेना.

"व्हायरस नाही," मी म्हणाले. "हे वाक्य मी लिहिलंय. पोर्टलमध्ये भोक आहे ते दाखवायला. फक्त ईडीपीच्या साहेबांसाठी होतं, इथे कसं आलं ते मला माहीत नाही."

मग एकच गलका झाला. धमकी आहे म्हणे. क्रम बदलीन अशी उघड धमकी. मी "बदलता आला असता" आणि "बदलीन" यातला फरक सांगू लागले तर कुणी ऐकेना. मागच्या रांगेतल्या एका संचालकांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी आडनाव विचारलं. मी तेही सांगितलं. ते नुसतं "अस्सं" म्हणाले आणि शेजारच्याकडे बघितलं. त्या एका "अस्सं"चा राग अजून गेलेला नाही. चार वर्षं मी या लोकांच्या उसाची तारीख न् तारीख सांभाळली होती, आणि त्यांना सगळा उलगडा माझ्या आडनावात झाला.

मला बाहेर पाठवलं. तासाभराने साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला. "मी जाणूनबुजून कारखान्याच्या संगणक प्रणालीत व्हायरस सोडला, त्याबद्दल मी बिनशर्त माफी मागते, पुन्हा असे कृत्य करणार नाही." खाली माझं पूर्ण नाव आणि सहीची जागा.

"सही करा, विषय संपला. मी तुमच्या भल्याचंच सांगतोय," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर मऊ होता. "नाहीतर ते नगरला सायबर पोलिसांकडे जायचं म्हणतायत. उद्या अकरापर्यंत वेळ दिलाय."

"फाईल गटांकडे कोणी पाठवली?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. तेव्हा मला कळलं.

"आणि भोक?" मी विचारलं.

"तुम्ही चौकट तेवढी यायची बंद करा. भोकाचं हंगामानंतर बघू."

म्हणजे दाखवणारी आरोपी, आणि भोक मात्र सही करून घेऊन तसंच उघडं. उद्या खरंच कुणी त्यातून शिरून क्रम बदलला असता, तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार होतं? माझ्या सहीचा कागद फाईलला लावलेला असताना दुसरं कुणी शोधायची गरजच नव्हती. ही सही म्हणजे जे अजून घडलंच नव्हतं त्याचीही कबुली होती. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि निघाले. बसमध्ये रडले ते तेव्हा.

आमच्या घरात दखनी बोलतात. पण अब्बा रागावले की मराठीत येतात, कारण भांडायची सवय त्यांना गिऱ्हाइकांमुळे त्याच भाषेतली. त्या दिवशी त्यांनी कागद वाचला आणि मराठीतच म्हणाले, "सही करून टाक."

"मी व्हायरस सोडला नाही."

"मला माहितीये. सही करून टाक. पोलिसांत आपलं नाव गेलं ना, की मग काय केलं आणि काय नाही केलं, ते कुणी विचारत नाही."

"तुम्ही गिऱ्हाइकाला गळती दाखवता, तेव्हा माफी मागता?"

"पंप आणि कारखाना एक नाही, बेटा."

"गळती एकच आहे."

ते चिडले, मीही चिडले. अम्मी दोघांना जेवायला वाढून गेली आणि दोघांनी हात लावला नाही. मी म्हटलं, तुम्ही भिता. हे बोलायला नको होतं. अब्बांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "हो, भितो. तुझ्यासाठी भितो, त्यात लाज कसली?" मला फार वाईट वाटलं, पण सही करावीशी वाटली नाही. जेवण गरम करून आम्ही गुपचूप जेवलो.

सकाळी त्यांनी मला स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. बस लागलेली होती. स्कूटर बंद न करताच ते म्हणाले, "सही करायची नसेल तर तुझा कागद तू लिही. दोन प्रती काढ. आधी आवकला जा, शिक्का घे, मग वर जा. तहसीलला मी चार वर्षं चकरा मारल्यात. शिक्का नसलेला कागद यांच्या लेखी जन्मलाच नाही."

माझ्या दोन मेल का जन्मल्या नव्हत्या ते मला त्या स्कूटरपाशी कळलं. कारखान्यात मेलला आवक क्रमांक पडत नाही.

बसमध्येच मांडीवर वही ठेवून मी पत्र लिहिलं. एक पान. मी काय पाहिलं, कधी सांगितलं, कुणाला सांगितलं, ती फाईल मीच बनवली आहे, ती गटांकडे मी पाठवलेली नाही, लायब्ररीची नवी आवृत्ती बसवेपर्यंत हे भोक कुणालाही वापरता येईल. माफीचा शब्द नाही. गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे दुसरी प्रत काढली.

आवक-जावकच्या टेबलावरच्या बाईंनी पत्र वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "हे साहेबांना विचारून घ्यावं लागेल."

"पत्र घ्यायला विचारावं लागत नाही. उत्तर द्यायला विचारा."

"थांबा मग थोडं."

मी थांबले. खुर्ची होती, बसले नाही. टेबलाशी उभी राहिले, माझ्यामागे दोन-तीन माणसं गोळा झाली आणि त्यांना उशीर होऊ लागला. पंधरा-वीस मिनिटांनी बाईंनी कपाळाला आठ्या घालून शिक्का उचलला, आणि दोन्ही प्रतींवर असा मारला की टेबल हललं. क्रमांक घातला, तारीख घातली. जाताना हळूच म्हणाल्या, "बरं केलंत." त्या माझ्याशी कधी हसूनही बोलल्या नव्हत्या.

एमडींच्या केबिनमध्ये आमचे साहेब आधीच बसलेले होते. मी बिनसहीचा माफीनामा टेबलावर ठेवला आणि त्यावर शिक्का मारलेलं पत्र.

"सही कुठे आहे?" एमडींनी विचारलं.

"पत्रावर आहे, सर. माफीनाम्यावर करणार नाही."

त्यांनी पत्र वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण पान उलटून मागे काही आहे का तेही बघितलं. मग मी परवानगी मागून त्यांच्याच संगणकावर एका गटाची शीट उघडली. पोर्टलवर नव्हे, एक्सेलमध्ये, आणि सरळ तो आतला कोपरा उघडला जिथे कुणी जात नाही. टिप्पणीत माझं वाक्य होतं. मी बोट ठेवलं. "हे माझं." मग दुसरी एक शीट, मग एका गटाकडून मागवलेला ग्रुपवरचा मूळ फॉर्म. त्यात शेवटचा बदल कोणी केला त्या ओळीत आमच्या साहेबांच्या संगणकाचं नाव होतं. "हे माझं नाही."

साहेबांचा चेहरा पडला. मला आनंद झाला नाही, पण वाईटही वाटलं नाही.

एमडींनी फोन उचलून गट ऑफिसला लावला आणि स्पीकरवर टाकला. माझे ते पांढऱ्या केसांचे चिटबॉयच फोनवर आले.

"यंदाचा कोरा फॉर्म तुमच्याकडे कुठून आला?"

"सायबांनी गुरपवर टाकला की. दरसाल त्येच टाकत्यात. का वो साहेब, पिवळा रकाना गेला का काय?"

एमडींनी फोन ठेवला. कुणीच हसलं नाही, मलाही तेव्हा हसू आलं नाही. आता मात्र ते आठवलं की हसू आवरत नाही.

"तुम्हाला काय पाहिजे?" एमडींनी मला विचारलं.

"अर्धा दिवस पोर्टल बंद. नवी आवृत्ती बसवायला."

"आणि आम्ही नाही म्हटलं तर?"

"तर नाही म्हणा, सर. पण लेखी म्हणा. पत्राला क्रमांक पडलाय. उद्या कुणी खरंच क्रम बदलला, तर भोक कुणाला माहीत होतं आणि कधीपासून, हे आवकच्या वहीत आहे."

त्यांनी पत्रावरचा शिक्का परत एकदा वाचला.

"आज दुपारी बसवा," ते म्हणाले.

काम पावणेदोन तासांचं निघालं. ज्याच्यासाठी इतकं रामायण झालं ते पावणेदोन तासांचं. साहेब माझ्यामागे खुर्ची घेऊन बसले होते. सगळं झाल्यावर मी एका गटाची शीट पोर्टलवर उघडली. चौकट आली नाही. पानाच्या माथ्यावर, जिथे आधी आज्ञा पाळली जायची, तिथे ती नुसती छापून आली होती. थोडी इंग्रजी अक्षरं, कंस, मधे माझं वाक्य, परत कंस. आता ती आज्ञा राहिली नव्हती, नुसतं वाचायचं वाक्य झालं होतं.

"हे आता असंच दिसणार?" साहेबांनी विचारलं.

"हो. म्हणजे बुजलं."

पोलिसांत कुणी गेलं नाही. माफी कुणी मागितली नाही, त्यांनीही नाही आणि मीही नाही. हंगाम संपला तेव्हा माझा करार वाढवला नाही. कारण लिहिलं होतं, काम पूर्ण झाल्यामुळे. त्या "अस्सं" म्हणणाऱ्या संचालकांनी निरोपाला मान हलवली, मी नाही हलवली. सध्या मी सुप्याला एका कारखान्याच्या संगणक विभागात आहे, तिथेच खोली घेऊन राहते. मुलाखतीत आधीची नोकरी का सुटली विचारलं तेव्हा हेच सगळं सांगितलं, थोडं कमी रागाने. त्यांनी दुसऱ्या दिवशी रुजू व्हायला सांगितलं. अब्बांनी पत्राची शिक्क्याची प्रत दुकानात, पंपांच्या वायसरच्या डब्याखाली ठेवली आहे. का ठेवली ते विचारलं तर म्हणतात, असू दे, कागद आहे.

पुढच्या हंगामात, नोव्हेंबरात, त्या पांढऱ्या केसांच्या चिटबॉयचा फोन आला.

"ताई, वळखलं का? गटातून बोलतोय."

"ओळखलं की. बरे आहात?"

"बरा हाय. इचारायचं हुतं येक. तोडणीच्या मंजूर याद्या आल्यात, भितीला लावल्यात. दर यादीवर वर कायतरी इंग्लिश हाय, आन् मदी मराठीत तुमचं त्ये हाय. मी फक्त ही चौकट दाखवते आहे, तोडणीचा क्रमही बदलता आला असता. मागल्या सालीबी हुतं, तवा मला वाटलं कारखान्यानंच छापलंय. आमी त्येच जुने फॉर्म कॉपी केलं ना, त्यातूनच आलं दिसतंय."

मी विचारलं, "सगळ्या याद्यांवर आहे?"

"आमच्या गटात समद्या. बाकीच्या धा गटांतबी हाय म्हनत्यात. लोक वाचत्यात आन् इचारत्यात, ही बाई कोन. मी सांगतो, हाय आमची येक." मग जरा थांबून म्हणाले, "पुसायचं आसंल तर कुटं जाऊन पुसायचं त्येवडं सांगा. मी पुसतो."

कुठे जाऊन पुसायचं ते सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मला टाइप केलेला तो माफीनामा आठवला, खाली माझं पूर्ण नाव आणि सहीची रिकामी जागा असलेला. तो कुठल्याच भिंतीवर लागला नव्हता.

"नका पुसू," मी म्हणाले. "राहू द्या."